स्क्रीनवर 56 टक्के

आयटीआयला पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, 4 आणि 20, आणि विचारलं की सिग्नल शून्य मिलिअँपपासून का सुरू करत नाहीत. कोणालाच आलं नाही. मग ते म्हणाले, टाकी पूर्ण रिकामी असली तरी 4 मिलिअँप यायलाच पाहिजे, शून्य आलं तर समजायचं की वायर तुटली किंवा ट्रान्समीटर, म्हणजे मोजून सिग्नल पाठवणारं यंत्र, मेला. म्हणजे "टाकीत काही नाही" आणि "मला माहीत नाही" या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. मला हे तेव्हाच फार आवडलं होतं, अजून आवडतं. पण मेलेला ट्रान्समीटर सापडायला सोपा असतो, स्क्रीनवर लाल होतो, अलार्म वाजतो, सगळे धावतात. जो जिवंत आहे, व्यवस्थित 13-14 मिलिअँप देतोय आणि खोटं बोलतोय तो ओळखायचा कसा हे मी शाळेत नाही, समुद्रात शिकलो. आणि ज्या दिवशी शिकलो त्या दिवशी चूक माझी होती. ती अख्खी गोष्ट लिहितोय, कारण इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड करून ऑइल गॅसला यायचंय म्हणणारी बरीच पोरं विचारत असतात की काम नेमकं काय असतं. हे असतं.

माझं गाव पेणजवळ. दोन वर्षं ट्रेड केला, मग रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल प्लँटला अप्रेंटिस, तिथेच पुढे कॉन्ट्रॅक्टवर. रोह्याला माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त गेले ते फ्लो ट्रान्समीटर. पाणी, हवा, सॉल्व्हंट, पाइपमध्ये ओरिफिस प्लेट, म्हणजे भोकाची चकती लावलेली, दोन बाजूला दोन ट्यूबिंग आणि मधे डीपी ट्रान्समीटर, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा, खाली तीन व्हॉल्व्हचा मॅनिफोल्ड. एक हाय साइड, एक लो साइड, मधला इक्वलायझर, दोन्ही बाजू एकमेकींना जोडणारा. काम झालं की लाइनला घेताना, म्हणजे परत चालू करताना, आधी इक्वलायझर उघडायचा, मग दोन्ही बाजू, दोन्हीकडे प्रेशर सारखं झालं की 4 मिलिअँप येतंय का बघायचं आणि मगच इक्वलायझर बंद. एका बाजूचं प्रेशर एकदम सेलवर, म्हणजे ट्रान्समीटरच्या दाब झेलणाऱ्या भागावर, बसू नये म्हणून. हे मी इतक्या वेळा केलंय की हात आपोआप जायचा, रात्री झोपेतून उठवून मॅनिफोल्डसमोर उभं केलं असतं तरी बरोबर केलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑफशोअरला जायचं म्हणजे आधी मेडिकल आणि मग सर्व्हायव्हल ट्रेनिंग. त्यात हेलिकॉप्टरवाली टेस्ट असते, स्विमिंग पूलमध्ये केबिनसारखा डबा असतो, त्यात बेल्ट लावून बसवतात आणि पाण्यात सोडून उलटा करतात. नाकात पाणी जातं, वर कुठे खाली कुठे काही कळत नाही, म्हणून एक हात आधीच खिडकीच्या कडेवर ठेवायचा असतो आणि डबा हलायचा थांबेपर्यंत बेल्टला हात लावायचा नाही. घाई केली आणि आधी बेल्ट सोडला की माणूस आतल्या आत भरकटतो, खिडकी सापडत नाही. आमच्या ट्रेनरने तिथे एक गोष्ट सांगितली की तुमच्या डोळ्यांना आणि कानांना त्या वेळी दिशा कळणार नाही, हात ज्याला धरलाय तेवढंच खरं. तेव्हा ते फक्त पोहण्याबद्दल वाटलं होतं.

मग जुहूहून हेलिकॉप्टर. माणसाचं वजन, बॅगेचं वजन, लाइफ जॅकेट, कानाला मफ, आणि तासाभराच्या आत खाली सगळीकडे पाणी आणि त्यात मधेच लोखंडी पाय रोवून उभा असलेला प्लॅटफॉर्म. मुंबई हाय 1974 ला सापडलं आणि 1976 पासून तेल यायला लागलं, त्यामुळे पश्चिम समुद्रात माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून लोक हे काम करतायत. फील्डचं आणि प्लॅटफॉर्मचं नाव मी लिहिणार नाही, त्याची गरजही नाही. चौदा दिवस वर, चौदा दिवस घरी. वरच्या चौदा दिवसांच्या पाळीला हिच म्हणतात. गणपतीच्या तोंडावर हिच आली की आली, पेणला घराघरात मूर्ती रंगवायचं काम चालू असतं आणि मी इकडे जंक्शन बॉक्स उघडून त्यात मिठाने हिरवे पडलेले टर्मिनल साफ करत असतो. खारी हवा हा आमचा रोजचा शत्रू. ग्लँड, म्हणजे केबल आत जाते तिथलं बूच, थोडा जरी ढिला असला तरी दोन महिन्यांत आत पाणी.

माझी चूक झाली ती सेपरेटरवर. आता सेपरेटर काय असतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. विहिरींतून येतं ते तेल, गॅस, पाणी सगळं एकत्र. ते मोठ्या आडव्या व्हेसलमध्ये घेतात, गॅस वरून कॉम्प्रेसरकडे जातो, लिक्विड खालून पुढच्या टाकीत. आमचं सेपरेटर 8-10 केजी प्रेशरला चालायचं, पुढची सर्ज टँक त्याच्या मानाने जवळजवळ काहीच नाही इतक्या कमी प्रेशरला. या दोघांच्या मधे खालच्या नोझलवर जे उभं असतं ते लिक्विडच असतं, तेच बूच. लेव्हल फार खाली गेली तर ते बूच निघतं आणि हाय प्रेशरचा गॅस थेट कमी प्रेशरच्या टाकीत घुसतो. याला गॅस ब्लो-बाय म्हणतात. टाकी त्यासाठी बनवलेली नसते. म्हणून लेव्हल मोजायला एक ट्रान्समीटर, तो कंट्रोल व्हॉल्व्हला सांगतो किती उघड, किती बंद हो, आणि त्याच्याशी काही संबंध नसलेला, वेगळ्या नोझलवरचा एक लो-लो लेव्हल स्विच, जो 15 टक्क्याला खालचा शटडाउन व्हॉल्व्ह धाडकन बंद करतो. शिवाय गेज ग्लास, म्हणजे साधी काच, बघायची आणि कळायचं. आम्ही सगळे नुसतं "काच" म्हणतो.

लेव्हल ट्रान्समीटर होता डीपी टाइप, वेट लेगवाला. व्हेसलला वर आणि खाली दोन टॅपिंग, अंतर 1500 मिलिमीटर. खालचं टॅपिंग ट्रान्समीटरच्या हाय साइडला, वरचं लो साइडला. वरच्या ट्यूबमध्ये गॅस असतो, पण गॅस थंड झाला की त्यातलं ओलसर काहीतरी ट्यूबमध्ये जमत राहतं, कधी किती ते सांगता येत नाही, म्हणून ती ट्यूब मुद्दामच ग्लायकॉलने काठोकाठ भरून ठेवतात, हीच वेट लेग. भरलेलीच आहे म्हटल्यावर तिचं वजन ठरलेलं. ग्लायकॉलची घनता पाण्याच्या 1.1 पट धरली तर लो साइडवर कायम 1500 गुणिले 1.1 म्हणजे 1650 मिलिमीटर वॉटर कॉलम. आतलं तेल 0.8 चं. व्हेसल रिकामं तर डीपी उणे 1650, पूर्ण भरलं तर 1200 वजा 1650 म्हणजे उणे 450. म्हणून रेंज उणे 1650 ते उणे 450, आणि सगळा हिशोब त्या एका गृहीतावर उभा की ट्यूब भरलेली आहे. ट्रान्समीटरला ट्यूबमध्ये काय आहे ते दिसत नाही. त्याला फक्त दोन बाजूंच्या दाबातला फरक कळतो.

त्या दिवशी माझ्याकडे या एलटीचं, म्हणजे लेव्हल ट्रान्समीटरचं, रुटीन कॅलिब्रेशन होतं, म्हणजे ठरलेला दाब देऊन आकडा बरोबर येतो का ते तपासायचं. माझी तिसरी हिच. सकाळी टूलबॉक्स टॉक म्हणजे कामाआधीची बैठक, परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी, सगळं रीतसर. आमचे चार्जहँड, म्हणजे आमच्या टोळीचे प्रमुख, कुडाळकडचे, वय साठीच्या जवळ, अख्खा प्लॅटफॉर्म त्यांना काका म्हणतो, ओडिशाचे आणि तामिळनाडूचे लोकपण काकाच म्हणतात. परमिट लिहिताना मी म्हणालो, काका त्याच व्हेसलचा लो-लो स्विचपण आज ड्यू आहे, दोन्ही एकदमच बायपासला टाकू, म्हणजे कामापुरते निकामी ठेवू, एका परमिटमध्ये होऊन जाईल, दुपारी दुसरं काम घेता येईल. काकांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "एका टायमाक एकच." एवढंच. का ते सांगितलं नाही. मला वाटलं जुन्या माणसांची सवय असते तशी. वाद घातला नाही, पण मनात थोडं आलंच की वेळ वाया जाणार.

पॅनलला, म्हणजे कंट्रोल रूमला, सांगून लूप मॅन्युअलवर घेतला, म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्ह आपोआप न चालता माणसाने चालवायचा. स्क्रीनवर तेव्हा 50 टक्के होतं. ट्रान्समीटर आयसोलेट केला, व्हेंट केला, लो साइडला हँड पंप लावला. या रेंजला गंमत अशी की प्रेशर लो साइडला द्यायचं आणि कमी करत आणायचं, 1650 ला 4 मिलिअँप, 1350 ला 8, 1050 ला 12, 750 ला 16, 450 ला 20. सगळे पॉइंट सुंदर आले, कुठेही 0.01 च्या वर फरक नाही. काही ॲडजस्ट करायची गरजच पडली नाही. अशा वेळी खरंच बरं वाटतं, एखादं जुनं इन्स्ट्रुमेंट इतकी वर्षं खाऱ्या हवेत उभं राहून बरोबर मोजतंय म्हणजे त्याच्याबद्दल मायाच वाटते. स्टिकर काढला, तारीख लिहिली, सही केली, बॉडीवर चिकटवला.

मग लाइनला घेतलं. पंप काढला, व्हेंट बंद केले, आणि हात सवयीने गेला. इक्वलायझर उघडला, हाय साइड उघडली, लो साइड उघडली, आणि डिस्प्लेकडे बघितलं. रोह्याला इथे 4 मिलिअँप दिसायचं. इथे 20.8 दिसलं, म्हणजे वरच्या टोकाला जाऊन अडकलेलं. मी दचकलो आणि इक्वलायझर पटकन बंद केला. सात-आठ सेकंद गेली असतील. बंद केल्यावर आकडा खाली आला आणि 18.6 वर थांबला, 91 टक्के.

त्या सात-आठ सेकंदांत काय झालं ते तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. इक्वलायझर उघडा आणि दोन्ही बाजू उघड्या म्हणजे लो साइडच्या ट्यूबमधलं ग्लायकॉल मॅनिफोल्डमधून सरळ हाय साइडला आणि तिथून व्हेसलमध्ये गेलं. फ्लोच्या लाइनला दोन्हीकडे तेच लिक्विड असतं त्यामुळे काही बिघडत नाही. इथे ट्यूब अर्ध्या इंचाची, तिच्यातलं साधारण 450 मिलिमीटर ग्लायकॉल गेलं, मोजलं तर कटिंग चहापेक्षा कमी. तेवढ्याने लो साइडचं वजन 495 ने घटलं, आणि 1200 च्या रेंजमध्ये 495 म्हणजे 41 टक्के. व्हेसलमध्ये होतं 50, ट्रान्समीटरने सांगितलं 91.

मी रेडिओवर विचारलं, आत्ता 91 दाखवतोय, बरोबर आहे का. पॅनलवरचा म्हणाला, "मॅन्युअल में था ना दो घंटे, बढ़ गया होगा." मलाही पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचं होतं, कारण कॅलिब्रेशन तर इतकं छान झालं होतं. त्याने लूप ऑटोला टाकला. कंट्रोलरला दिसलं लेव्हल 91, पाहिजे 50, त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. काच माझ्यापासून चार पावलांवर होती. मी गेलो नाही. टूल गोळा करत होतो.

पुढे सायरन नाही, स्फोट नाही, नुसता खालचा शटडाउन व्हॉल्व्ह बसल्याचा तो ठप्प आवाज आला आणि रेडिओवर एकदम चार-पाच जण बोलायला लागले. लो-लो लेव्हल ट्रिप. स्क्रीनवर एलटी 56 टक्के दाखवत होता. 56 टक्क्यावर लो-लो ट्रिप कसा होईल, म्हणजे स्विचच खोटा, असं सगळ्यांचं लगेच ठरलं. त्यात कोणाचा दोष नाही, एलटी आत्ताच कॅलिब्रेट झालेला, त्यावर माझ्या सहीचा ताजा स्टिकर, आणि स्विचचं टेस्टिंग ड्यू. कोणावर विश्वास ठेवाल? शिफ्ट इनचार्जने मलाच सांगितलं की स्विच ओव्हरराइड कर, म्हणजे त्याचा ट्रिप रद्द कर, आपण व्हॉल्व्ह उघडू, तेल अडलंय, वर लेव्हल चढेल. ओव्हरराइड करायला मी रॅक रूमकडे निघालोसुद्धा.

काका जिन्यात भेटले. त्यांनी विचारलं, "काच बघलस?" मी म्हणालो, "काका, एलटी 56 आहे, आत्ताच केलाय." ते म्हणाले, "तां माका नको सांगू. आदी काच बघ, मगे ओव्हरराइड." आणि स्वतः रेडिओवर इनचार्जला सांगितलं की दोन मिनिटं द्या, काच बघितल्याशिवाय मी ओव्हरराइड देणार नाही. समोरून थोडा आवाज चढला, काकांनी तेच वाक्य परत सांगितलं, आवाज न वाढवता.

काच धुरकट होती. काकांनी तिचा ड्रेन थोडा उघडून तिला एकदा मोकळं केलं, टॉर्च मारला. रिफ्लेक्स काच असते ना, तिच्यात लिक्विड काळं दिसतं आणि गॅस चांदीसारखा चमकतो. मी वाकून बघितलं तर वरपासून खालपर्यंत सगळी चांदी आणि अगदी तळाला काळा पट्टा. शटडाउन व्हॉल्व्ह बंद झाल्यावर विहिरींचं लिक्विड येतच होतं म्हणून तो पट्टा हळूहळू वर सरकत होता, आम्ही बघत होतो तेव्हा पाव उंचीपर्यंत आला असेल. पॅनलला विचारलं स्क्रीनवर किती. 66. काचेत 25, स्क्रीनवर 66. फरक 41.

माझ्या पोटात खड्डा पडला. स्विच खरं बोलत होता. मी तो ओव्हरराइड करायला निघालो होतो, आणि केला असता तर कंट्रोल व्हॉल्व्ह 50 गाठायच्या नादात खरी लेव्हल 9 टक्क्यापर्यंत नेणार होता, आणि त्या 9 च्या खाली अडवणारं मग काहीच नव्हतं. सकाळी मी तर म्हणत होतो दोन्ही एकदम बायपास करू. तसं झालं असतं तर तो ठप्प आवाजही आला नसता.

काकांनी मला विचारलं लाइनला कसं घेतलंस, एकेक स्टेप सांग. मी सांगितलं, आणि "इक्वलायझर उघडला" म्हणता म्हणता मलाच कळलं. ते काही बोलले नाहीत. म्हणाले स्टोअरमधून ग्लायकॉलचा कॅन आण.

पुढचे दोन तास एक फील्ड ऑपरेटर काचेसमोर टॉर्च घेऊन उभा, रेडिओवर आकडे सांगतोय, चाळीस, पंचेचाळीस, आणि पॅनलवरचा व्हॉल्व्ह हाताने चालवतोय. आम्ही वरचा आणि खालचा रूट व्हॉल्व्ह बंद करून, गॅस मॉनिटर लावून, ट्यूब सावकाश डिप्रेशराइज केली. मी वरच्या टी मधून ग्लायकॉल ओतायला लागलो तर आत बुडबुडा अडकला, आकडा नाचायला लागला. काका म्हणाले वरून नाही, खालून भर. मॅनिफोल्डच्या बाजूने हँड पंपाने हळूहळू ग्लायकॉल वर चढवलं, हवा आपोआप वर पळाली, वरच्या टी मधून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग शांत, एकसंध धार. ती धार मी अजून विसरलो नाही. टीचं बूच लावलं. मग या वेळी इक्वलायझर बंद ठेवूनच दोन्ही बाजू उघडल्या, सेल एवढं प्रेशर आरामात सहन करतो. स्क्रीनवर 49. काचेत बघितलं, मधल्या खुणेच्या किंचित खाली. मी तीन वेळा बघितलं.

रात्री जेवण गेलं नाही. कॉन्ट्रॅक्टचा माणूस, तिसरी हिच, पुढच्या हेलिकॉप्टरने खाली पाठवतील आणि परत बोलावणार नाहीत हेच डोक्यात. केबिनमधल्या एकाने हळूच सुचवलं की लिही ना, वेट लेग लीक झाली असेल, फेरूल, म्हणजे ट्यूबच्या जोडाची रिंग, ढिला होता म्हण, कोण बघायला जातंय. आणि हे खरंच चाललं असतं. मी काकांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, तू फेरूल लिहिलंस तर उद्या कोणीतरी तो फेरूल आवळत बसेल, आणि पुढचा पोरगा परत इक्वलायझर उघडेल. मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं, सात-आठ सेकंदसुद्धा, टूल गोळा करत होतो तेसुद्धा. बोलणी बसली, इनचार्जनी सगळ्यांसमोर सुनावलं आणि ते बरोबरच होतं. पण खाली पाठवलं नाही.

दोन दिवसांनी सेफ्टी मीटिंगमध्ये मेसमध्ये प्रोजेक्टर लावून दोन घटना दाखवल्या. नाव दोन्हींचं आधी ऐकलं होतं, पण इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून कधी ऐकलं नव्हतं. पहिली अमेरिकेतल्या टेक्सस सिटी रिफायनरीची, 23 मार्च 2005. युनिट चालू करताना एका टॉवरमध्ये लिक्विड भरत गेलं. टॉवर 170 फूट उंच, लेव्हल ट्रान्समीटर मोजायचा तो फक्त तळाचा थोडासा भाग, आणि लिक्विड त्याच्या कितीतरी वर गेलेलं असताना तो 10 फुटांच्याही खालचा आकडा दाखवत होता, वर तो आकडा हळूहळू कमी होत होता. लिक्विड गरम होऊन हलकं झालं होतं आणि ट्रान्समीटरचं सेटिंग वेगळ्याच घनतेचं होतं. वेगळा हाय लेव्हल अलार्म वाजला नाही, साइट ग्लास इतकी घाण की त्यातून काही दिसत नव्हतं. 15 माणसं गेली, 180 जखमी.

मी केबिनमध्ये येऊन आमच्याच एलटीवर हिशोब मांडला. तेल 0.8 चं धरलंय, समजा गरम होऊन किंवा दुसऱ्या विहिरीचं हलकं तेल येऊन ते 0.7 झालं. व्हेसल काठोकाठ भरलं तर 1050 वजा 1650, म्हणजे उणे 600. आपल्या रेंजमध्ये ते 87.5 टक्के. व्हेसल फुल, स्क्रीनवर 87.5, आणि ट्रान्समीटरमध्ये एक पैशाचा बिघाड नाही, कॅलिब्रेट केला तर पाचही पॉइंट सुंदर येतील.

दुसरी इंग्लंडमधली बन्सफील्डची, 11 डिसेंबर 2005, रविवारची पहाट. पेट्रोलची टाकी भरत होती, लेव्हल गेज मधेच अडकलं आणि स्क्रीनवर एकच आकडा सरळ रेषेत जात राहिला. पंपिंग चालूच. वरचा स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता, पण त्याच्या टेस्ट लिव्हरला लावायचं पॅडलॉक लावलेलं नव्हतं आणि त्याशिवाय तो स्विच काम करत नाही हे तिथल्या माणसांना माहीत नव्हतं. टाकी उतू गेली, त्याचा ढग झाला आणि सहा वाजता उडालं. रविवार होता म्हणून कोणी मेलं नाही. ते गेज त्याआधी काही महिन्यांत अनेकदा अडकलं होतं, दर वेळी तेवढ्यापुरतं सोडवलं आणि पुढे गेले. हे ऐकताना काका माझ्या शेजारी बसले होते, काही बोलले नाहीत, पण "एका टायमाक एकच" म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. आकडा खोटा पडला तर त्याला खोटं म्हणणारा दुसरा कोणीतरी जागा पाहिजे. दोघांना एकदम झोपवायचं नाही.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. कोणत्याही लेव्हलला हात लावायच्या आधी काच बघतो, ती घाण असेल तर आधी तीच साफ, परमिट वाट बघेल. काचेचा आकडा आणि स्क्रीनचा आकडा दोन्ही डायरीत, वेळेसकट. काम झाल्यावर परत दोन्ही. फरक असेल तर स्टिकर नाही. पॅनलवर ट्रेंड बघताना जी रेषा हलते, थरथरते, तिची मला काळजी वाटत नाही, समुद्रात प्रोसेस कधी स्वस्थ बसत नाही. तासन् तास एकदम सरळ असलेली रेषा दिसली की उठून जातो, बहुतेक वेळा काही नसतं, दोनदा इम्पल्स लाइन, म्हणजे ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी ट्यूब, चोक झालेली सापडली, दोन्ही वेळा ट्रान्समीटर मजेत 12 च्या आसपास होता. आणि नवीन माणूस आला की त्याला आधी विचारतो की याआधी कुठे काम केलंस, कशावर हात बसलाय. कारण माझी चूक अज्ञानाची नव्हती, हातात पक्की बसलेली, दुसरीकडे शंभर टक्के बरोबर असलेली सवय होती. ती मला विचारून कोणी काढून घेतली असती तर बरं झालं असतं.

त्या मॅनिफोल्डवर आता स्टीलची पट्टी आहे, पंचने अक्षरं ठोकलेली, वेट लेग, इक्वलायझर उघडू नये. पंच मी ठोकले. प्लॅटफॉर्मवर असे अकरा ट्रान्समीटर निघाले, अकराही पट्ट्या त्याच हिचमध्ये लावल्या. कॅलिब्रेशनच्या फॉर्मवर काचेच्या आकड्याचे दोन रकाने वाढले. काका गेल्या वर्षी रिटायर झाले, कुडाळला आहेत, फोन केला की पहिलं विचारतात पाऊस किती आहे तिकडे आणि दुसरं विचारतात काचा साफ आहेत ना.

गुरुवारी माझी हिच आहे, हवामान बरं राहिलं तर. तो एलटी परत ड्यू आहे, त्याच आठवड्यात लो-लो स्विचपण. दोन वेगळे परमिट, दोन वेगळे दिवस, तसं प्लॅनरला कळवलंय. स्टोअरला ग्लायकॉलचा एक कॅन बाजूला ठेवायला सांगितलाय.